आधी नस, मग गाठ

आमच्या घरातल्या सगळ्या फोटोंत आत्याचा उजवाच गाल दिसतो. लग्नाचे, बारशाचे, तात्यांच्या एकसष्टीचे, कुठलेही फोटो काढा. ती कुणाच्या तरी आड उभी असते, नाहीतर ऐन वेळी पदर सारखा करायला मान वळवते. डाव्या गालाबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. तो डोळा झोपेतही अर्धा उघडा राहायचा. चहा पिताना ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळ यायचा. आणि तिला चूल फुंकता यायची नाही. फुंकणी ओठांत धरली की हवा बाजूनेच निघून जायची. कराडजवळच्या आमच्या गावात १९८० च्या दशकात घरोघरी गॅस नव्हता. जिला चूल फुंकता येत नाही, तिला सकाळी सगळ्यांच्या आधी उठून दुसऱ्या कुणाला तरी उठवावं लागतं. आत्याने हे कित्येक वर्षं केलं.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण माझा चुलतभाऊ. त्याच्या कानाच्या पाळीखाली चार वर्षं एक गाठ होती. सुरुवातीला सुपारीएवढी, मग लिंबाएवढी. दुखत नव्हती, म्हणून 'यंदाचा ऊस गेला की बघू' असं करत चार ऊस गेले. शेवटी गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी तो पट्टी बांधलेल्या तोंडाने शीळ वाजवत होता. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेच्या नावापुढे एक शब्द होता, 'रेट्रोग्रेड'. मला तो कळला नाही. त्याच आठवड्यात आत्याची पत्र्याची ट्रंक उघडली, तर तिच्यातही दोन कागद निघाले, एक १९६८ चा आणि एक १९८१ चा. दोन्हींवर गाठ तीच, गालही तोच. (ही गाठ घराण्यातून येत नाही, आमच्याकडे दोघांना झाली हा योगायोग.) पहिल्या कागदावर लिहिलं होतं, गाठ काढली. दुसऱ्यावर लिहिलं होतं, पुन्हा आलेली गाठ काढली, चेहऱ्याच्या अशक्तपणाची कल्पना नातेवाइकांना दिली आहे.

या तीन कागदांच्या मध्ये काय घडलं ते शोधत मी वाचत गेलो.

आधी जागा समजून घेऊ. कानाच्या पाळीवर बोट ठेवा आणि ते थोडं पुढे, थोडं खाली, जबड्याच्या कोनापर्यंत फिरवा. बोटाखाली जी मऊ उशी आहे ती पॅरोटिड, आपली सगळ्यात मोठी लाळग्रंथी. गालगुंड होतात तेव्हा सुजते ती हीच. तिच्यातली लाळ एका नळीतून गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दाढांजवळ येते. ही नळी १६६० साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये निल्स स्टेन्सन नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला मेंढीच्या मुंडीत सापडली, आणि तिला अजून त्याचंच नाव आहे.

गोची अशी की चेहऱ्याला हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते. मराठीत नस म्हटलं की रक्ताची शीरही येते, पण इथे नस म्हणजे मेंदूकडून हुकूम आणणारी तार, फेशियल नर्व्ह. ती कानामागच्या हाडाच्या बारीक भोकातून बाहेर पडते, ग्रंथीत शिरते, आत तिचे दोन फाटे होतात आणि मग पाच मुख्य फांद्या. कपाळ, डोळ्याची पापणी, गाल, खालचा ओठ आणि मान, असा कारभार वाटलेला असतो. ग्रंथीचा काही भाग नसेच्या वर आणि काही खाली. सर्जन लोक याला सँडविच म्हणतात. मला पुरणपोळी जास्त जवळची वाटते, कारण पोळीतलं पुरण जसं कडेला कुठे पातळ होत संपतं ते सांगता येत नाही, तसंच या नसेचं आहे. दिसायला ती पांढुरकी, बुंध्याशी दोन-तीन मिलिमीटर जाड, पुढे पुढे शिवणाच्या दोऱ्याएवढी.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना यातलं काय ठाऊक होतं? तोंड वाकडं होण्याला चरक-सुश्रुतांपासून 'अर्दित' हे नाव आहे, आणि अर्दितवात हा शब्द आमच्या भागातली म्हातारी माणसं अजून वापरतात. जबड्याच्या सांध्यापाशी येणाऱ्या कठीण सुजेला सुश्रुतात 'पाषाणगर्दभ' म्हटलं आहे. सुश्रुताने शरीरावर १०७ मर्मं मोजली, त्यांतलं 'विधुर' हे मर्म कानाच्या मागे-खाली येतं. म्हणजे बोट जवळजवळ बरोबर जागी होतं. पण तिथे इजा झाली तर काय होतं, याचं उत्तर ग्रंथात बहिरेपणा असं आहे. तोंड वाकडं होणं नाही. गाठ माहीत, वाकडं तोंड माहीत, जागाही माहीत. या तिघांना जोडणारी तार मात्र कुणी उलगडून पाहिलेली नव्हती.

ती जोडणी युरोपात १८२१ मध्ये झाली. चार्ल्स बेल या स्कॉटिश सर्जनने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दाखवलं की चेहऱ्यावर दोन वेगवेगळ्या नसा येतात आणि त्यांतली एक तोडली की त्या बाजूची हालचाल जाते. प्रयोग गाढवावर होता. बेलच्या तपशिलात चुका होत्या, त्या पुढे इतरांनी दुरुस्त केल्या, पण तोंड वाकडं होण्याच्या आजाराला त्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच.

मला वाटलं होतं की नस कळली म्हणजे सर्जन ती जपायला लागले असतील. तसं झालं नाही. १८२६ मध्ये फिलाडेल्फियात जॉर्ज मॅक्लेलनने पॅरोटिड काढली. ईथरची भूल यायला अजून वीस वर्षं होती. रोगी शुद्धीत, चार माणसांनी धरलेला, कानाखालच्या मोठ्या रक्तवाहिन्या एका बोटावर. अशा वेळी नस शोधत बसणं शक्यच नव्हतं. माणूस टेबलावरून जिवंत उतरला तर शस्त्रक्रिया यशस्वी. चेहरा गेला तर ती त्याची किंमत. भूल आली, जंतुनाशकं आली, तरी ही समजूत बरीच वर्षं टिकली. नस वाचवून अख्खी ग्रंथी काढल्याची पहिली नोंद रुमानियातल्या कोड्रेआनूच्या नावावर सांगतात, १८९२ ची. बेलनंतर एकाहत्तर वर्षं.

नेमक्या त्याच सुमाराला आमच्या भागात आधुनिक शस्त्रक्रिया पोचत होती. विल्यम वॉन्लेस हा कॅनडात जन्मलेला, न्यूयॉर्कात शिकलेला मिशनरी डॉक्टर १८८९ च्या अखेरीस भारतात आला. सांगलीत दवाखाना, मग मिरज, आणि १८९४ मध्ये मिरजेचं रुग्णालय उघडलं. मिरज संस्थानाने जागा दिली, आणि मिरज रेल्वेचं जंक्शन असल्याने रोगी कुठून कुठून येऊ लागले. १८९७ पासून तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. मोतीबिंदू आणि मुतखडा ही मिरजेची ख्याती. वॉन्लेसला पुढे 'सर' हा किताब मिळाला, तो १९२८ मध्ये परत गेला आणि १९३३ मध्ये वारला. आमच्या गावात 'मिरजेला नेलं' याचा अर्थ अजून, दुखणं मोठं आहे, असाच होतो.

सांगलीविषयी एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी ती थोडी बाजूची आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली ती याच गावात. भुवई किती उडवायची, ओठ किती मुरडायचा यावर टाळ्या घेणारं गाव. त्याच मुलखातल्या बाईला, जीव वाचला ना, मग तोंडाचं काय घेऊन बसलीस, असं बिनदिक्कत सांगितलं जायचं. आत्याला हे वाक्य मी स्वतः ऐकवलं जाताना पाहिलं आहे. सांगणारी आमच्याच घरातली होती.

आता मूळ मुद्द्याकडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात सर्जनना नसेची काळजी वाटू लागली होती. पण त्या काळजीतून निघालेला उपाय विचित्र होता, आणि आत्याचा पहिला कागद त्यातूनच आला. पॅरोटिडमधली सगळ्यात नेहमीची गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा. ती कर्करोगाची नसते, वर्षानुवर्षं हळू वाढते आणि हाताला गोल, सुटसुटीत लागते. तेव्हा नसेच्या वाटेला जायचंच नाही, वरून लहानशी चीर द्यायची, गाठीचं आवरण उघडायचं आणि शेंगेतून वाटाणा काढावा तशी गाठ काढून घ्यायची. शस्त्रक्रिया छोटी, व्रण छोटा, चेहरा शाबूत. सगळे खूश.

पण हे आवरण शेंगेच्या सालीसारखं नसतं. कुठे ते फार पातळ असतं, तर कुठे गाठीचे बारीक कोंब त्यातून बाहेर डोकावत असतात. वाटाणा निघाला तरी कोंब मागे राहतात. मग पाच, दहा, पंधरा वर्षांनी गाठ परत येते आणि या वेळी ती एकटी नसते. तासगावच्या द्राक्षांचा घड डोळ्यांपुढे आणा. तसे लहान-मोठे मणी जुन्या व्रणाच्या टणक मांसात इकडेतिकडे रुतलेले असतात, आणि त्यांतूनच कुठून तरी नस गेलेली असते. आता व्रण आणि नस दोन्ही पांढरे, दोन्ही चिवट. नसेला घाबरून केलेली छोटी शस्त्रक्रिया शेवटी नसेवरच उलटते. आत्याच्या दोन कागदांत तेरा वर्षांचं अंतर आहे. १९८१ च्या सर्जनपुढे काय ताट वाढून ठेवलं होतं, ते मला आत्ता कळतं. घरात त्याला वर्षानुवर्षं शिव्या बसल्या.

उलट दिशेचा विचार तोवर जगात झालेला होता. हॅमिल्टन बेलीने १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये लिहिलं, नुसती गाठ खरवडू नका, नस डोळ्यांसमोर आणून तिच्या भोवतीची ग्रंथी काढा. लंडनच्या पॅटी आणि थॅकरे यांनी १९५८ मध्ये काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आवरणाचा भरवसा का धरू नये ते मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत बिअर्स आणि अ‍ॅडसन यांनी नसेचा बुंधा कसा गाठायचा याची पायरीपायरीची रीत छापली. सगळ्यांचं सार एकच: गाठ विसरा, आधी नस शोधा, ती सापडली की गाठ आपोआप सुटी होते. आत्याची पहिली शस्त्रक्रिया १९६८ ची, म्हणजे दहा वर्षं नंतरची. मिरजेला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये आलं होतं, कराडला कृष्णा इन्स्टिट्यूट यायला १९८४ उजाडणार होतं. मधल्या काळात एखादी नवी रीत लंडनच्या मासिकातून निघून जिल्ह्याच्या टेबलापर्यंत कधी पोचेल, हे कोण कुठे शिकून आलं यावर असायचं. ते कुणाच्या वाट्याला कसं आलं याला नशीब म्हणायचं तर म्हणा, मला तो शब्द पुरेसा वाटत नाही.

तर बुंधा गाठायचा कसा? चीर कानाच्या पुढून उतरते, पाळीखालून मागे वळते आणि मानेच्या घडीत जाते. सेंट लुइसच्या ब्लेअरने १९१२ मध्ये दिलेल्या चिरेचीच ही सुधारून घेतलेली आवृत्ती. मग खुणा. कानाच्या भोकापुढची कूर्चा आत टोकदार होत जाते. त्या टोकापासून साधारण सेंटिमीटरभर खाली आणि खोल नसेचा बुंधा. कानामागच्या हाडावरून निघणारा एक स्नायू आहे, त्याची वरची कड जवळजवळ त्याच खोलीवर. आणि दोन हाडांच्या मधली एक फट, तिथून सहा-आठ मिलिमीटर आत. तिन्ही खुणा एका जागी बोट दाखवू लागल्या की तिथे मांस बाजूला सारायचं, कापायचं नाही. बुंध्यापासून फांद्यांकडे जाणाऱ्या या वाटेला अँटिग्रेड म्हणतात.

आणि रेट्रोग्रेड म्हणजे उलट. आमच्या भागातल्या माणसाला हे कालव्याने लगेच कळेल. कराडजवळ खोडशीला कृष्णेवर ब्रिटिश काळातला बंधारा आहे. तिथून निघालेला कृष्णा कालवा साताऱ्याच्या हद्दीतून सांगली जिल्ह्यात उतरतो आणि पुढे त्याचे पाट, पाटाच्या चाऱ्या होतात. पाणी कुठे अडलं ते बघायला पाटकऱ्याला दोन रस्ते असतात. खोडशीहून खाली चालत यायचं, किंवा आपल्या शेतातली चारी धरून वर वर जायचं. रेट्रोग्रेडमध्ये सर्जन चारीपासून सुरुवात करतो. गालातली फांदी त्या स्टेन्सनच्या नळीला चिकटून चालते, ती तिथे पकडायची. किंवा खालच्या ओठाकडे जाणारी फांदी, जी जबड्याच्या कडेला शिरेला ओलांडते, ती पकडायची. आणि मग ती सोडवत सोडवत मागे बुंध्यापर्यंत.

दोन्हींत चांगली कुठली? यावर बरेच अभ्यास झाले आहेत, आणि कायमच्या लुळेपणाच्या बाबतीत ठळक फरक निघालेला नाही. काही आठवडे किंवा महिने टिकणारा अशक्तपणा दोन्हींत बऱ्यापैकी जणांना येतो, कायमचा फार थोड्यांना. मग फरक पडतो तो रोग्यागणिक. गाठ लहान आणि पुढे असेल तर बुंध्यापासून जाणं सोपं, कारण बुंधा जाड असतो आणि त्याची जागा ठरलेली असते. पण माझ्या भावासारखं चार ऊस वाट पाहून आलेल्या माणसात गाठ नेमकी बुंध्यावरच बसलेली असते. तिथे खुणा शोधायला गेलं तर गाठच ढकलावी, ताणावी लागते. तीच गोष्ट आत्यासारख्या दुसऱ्यांदा आलेल्या रोग्याची. जिथे माणसं उशिरा येतात तिथल्या सर्जनला दोन्ही वाटा येत असाव्या लागतात, असं माझं मत झालं आहे. एकाच रीतीचा अभिमान परवडत नाही.

फांदी निवडण्यातही मेख आहे. गालाच्या फांद्या एकमेकींना आडव्या धाग्यांनी जोडलेल्या असतात. एक दुखावली तरी शेजारीण काम सांभाळते. कपाळाच्या आणि खालच्या ओठाच्या फांदीला असा शेजार जवळजवळ नसतो. ओठाची फांदी गेली की हसताना एक कोपरा खाली उतरत नाही आणि हसू तिरकं होतं. जबड्याखालच्या दुसऱ्या लाळग्रंथीच्या शस्त्रक्रियेत हीच फांदी धोक्यात असते, म्हणून तिथली चीर जबड्याच्या दोन बोटं खाली देतात.

आता तर नस ओळखायला यंत्रही आहे. चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया लावतात, नसेला धक्का लागला की यंत्र आवाज करतं. त्यासाठी भूलतज्ज्ञाला स्नायू लुळे पाडणारं औषध हातचं राखून द्यावं लागतं, नाहीतर यंत्र मुकंच. त्याने तात्पुरता अशक्तपणा कमी होतो असं दिसलं आहे. कायमचा कमी होतोच असं छातीठोक सांगता येत नाही. आणि गंमत म्हणजे लहान, वरवरच्या, हलणाऱ्या गाठींसाठी काही सर्जन पुन्हा नस न शोधताच गाठ काढू लागले आहेत. फक्त आता आवरण उघडत नाहीत, त्याच्या बाहेरून, निरोगी मांसाचा पातळ थर ठेवून जातात. वाटाण्याऐवजी शेंग काढतात म्हणा. निवडक रोग्यांत त्याचे निकाल चांगले आहेत. मला मात्र आत्याच्या ट्रंकेमुळे या रीतीकडे निर्मळ मनाने बघता येत नाही.

भावाच्या शस्त्रक्रियेआधी सर्जननी त्याला कपाळावर आठ्या घालायला, डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला, गाल फुगवायला सांगितलं आणि फोनवर त्याचा व्हिडिओ करून ठेवायला लावला. गाठ असलेल्या माणसाचा चेहरा शस्त्रक्रियेआधीच लुळा असेल तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते, म्हणूनही हे बघतात. नंतर तुलना करायला १९८५ पासून सहा पायऱ्यांची एक मोजपट्टी आहे, पहिली पायरी म्हणजे जसाच्या तसा, सहावी म्हणजे काहीच हलत नाही. भाऊ आधी दुसऱ्या पायरीवर होता, दोन महिन्यांत पहिल्यावर आला. पाळी अजून बधिर आहे, कारण तिथली संवेदनेची नस वाटेतच येते. आणि मध्यंतरी त्याने एक नवीन तक्रार सांगितली. सांगलीचं भडंग खायला बसलं की तोंडाला पाणी सुटतं तसा डाव्या गालाला घाम सुटतो. हेही माहीत असलेलं आहे: तुटलेले लाळेचे धागे परत वाढताना चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात. १९२३ मध्ये वॉर्सा शहरातल्या लुत्सिया फ्राय या तरुण मज्जाविकारतज्ज्ञ बाईंनी त्याचा उलगडा केला. त्या ज्यू होत्या. १९४२ मध्ये ल्वूव शहरात नाझींच्या हत्याकांडात त्यांचा अंत झाला. भाऊ हल्ली भडंगाबरोबर रुमाल घेऊन बसतो.

आत्या २०११ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेत त्या दोन कागदांच्या खाली एक फोटो होता, जो आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता. मागे १९६७ लिहिलं आहे. विहिरीच्या काठावर ती मैत्रिणीबरोबर बसली आहे, तोंड सरळ कॅमेऱ्याकडे, डोळे बारीक करून खळखळून हसते आहे. मी त्याचा फोनवर फोटो काढला आणि डावा गाल मोठा करून पाहिला. पाळीखाली नीट पाहिलं तर एक सावली दिसते, सुपारीएवढी. गाठ असेल, किंवा कानातल्या डुलाची सावलीही असेल.